हजेरीपुरता आवाज: पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचं प्रकरण

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. हे प्रकरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षातलं आहे. ओळख पटू नये म्हणून विद्यार्थ्याचं नाव आणि काही तपशील बदलले आहेत. त्याला इथे महेश म्हणू. लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतली. "लिहा की," एवढंच म्हणाला.

पार्श्वभूमी

महेश लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. घरची साडेतीन एकर जमीन, सोयाबीन आणि तूर. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी लातूर शहरात 'नीट'च्या तयारीसाठी. गुण चांगले पडले, पण मेडिकलला पुरले नाहीत. आणखी एक वर्ष रिपीट करणं घरच्यांना परवडणारं नव्हतं. मावसभाऊ पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करत होता, त्यामुळे पुणं ठरलं आणि बी.एस्सी. ठरलं.

लातूरच्या त्या दोन वर्षांकडे माझं बरेच दिवस लक्षच गेलं नव्हतं. शंभर-दीडशे मुलांचा वर्ग, सतत चाचण्या, उत्तरपत्रिकेवरचे गोळे काळे करायचे, संध्याकाळी निकाल. 'नीट'च्या ७२० गुणांपैकी एकही गुण तोंड उघडण्यासाठी नसतो. त्या व्यवस्थेत अबोल मुलगा म्हणजे आदर्श मुलगा. वर्गात शांत, गप्पांत वेळ घालवत नाही, अभ्यास करतो. दोन वर्षं ज्या स्वभावाची पाठ थोपटली गेली, तोच पुण्यात पहिल्या आठवड्यात दोष ठरला.

राहायला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं. खोलीत मावसभाऊ आणि आणखी दोघं, तिघंही त्याच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे, सकाळी अभ्यासिकेत गेले की रात्री दहाला परत. म्हणजे खोलीतही बोलायला कुणी नाही.

त्यात नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमाचं आमच्याकडे ते पहिलंच वर्ष. पूर्वी एफ.वाय.ची एक तुकडी असायची. तोच वर्ग, तेच बाक, तेच शेजारी. तीन महिने शेजारी बसलं की ओळख आपोआप व्हायची, त्यासाठी धिटाई लागत नसे. आता मेजर (मुख्य विषय) एका गटाबरोबर, मायनर (दुय्यम विषय) दुसऱ्या, ओपन इलेक्टिव्हला (शाखेबाहेरचा निवडीचा विषय) तर कला-वाणिज्यची अनोळखी मुलं. दर तासाला चेहरे बदलतात. बोलक्या मुलाच्या ओळखी यानं वाढल्या, महेशला मात्र दर तासाला पहिला दिवस पुन्हा काढावा लागला.

नेमकी अडचण

स्वागताच्या कार्यक्रमात सगळ्यांनी माइकवर येऊन नाव, गाव, छंद सांगायचा होता. महेश रांगेत होता. त्याच्या पुढे चार-पाच जण उरले तेव्हा तो बाहेर पडला आणि परत आला नाही. मी नोंदणीच्या टेबलावर होते, त्याला जाताना पाहिलं. पाणी प्यायला गेला असेल, असं वाटलं. खरं तर तसंही वाटलं नाही, मी काही विचारच केला नाही.

ऑगस्टमध्ये प्रात्यक्षिकात एक प्रसंग घडला. जोडीदारानं विचारलं, काय करतोयस? महेश म्हणाला, "रीडिंग घ्यायलो." लातूर-नांदेडकडे असंच बोलतात. शेजारच्या टेबलावरच्या पोरांना गंमत वाटली. मग दिवसभर "मी पिपेट धुवायलो", "मी जर्नल लिहायलो" असं चाललं. आठवड्याभरात ती पोरं विसरूनही गेली, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी तेव्हा प्रयोगशाळेत होते आणि मीही हसले होते. हे मला त्यानं फेब्रुवारीत सांगितलं. माझ्या अजिबात लक्षात नव्हतं.

त्यानंतर महेशचा आवाज फक्त हजेरीला यायचा, "येस मॅडम", तोही इंग्रजीत, कारण त्यात 'घ्यायलो' येत नाही. उपस्थिती नव्वद टक्क्यांच्या वर. जर्नल असं की मी ते नमुना म्हणून दुसऱ्या बॅचला दाखवलं. काहीही विचारलं की खाली बघायचा, मान लाल व्हायची, आणि मी पुढच्याकडे वळायचे. दयेपोटी वळते आहे असा माझा समज होता.

मेसचं मला उशिरा कळलं. लांब टेबलं, अनोळखी पोरांच्या मध्ये जागा शोधायची, "इथं कुणी आहे का" असं विचारायचं. तो आधी मेस उघडतानाच जेवून यायला लागला, मग संध्याकाळचं जाणं सोडलं, वडापाव आणि केळी यांवर भागवलं. पैसे महिन्याचे भरलेले होते. खाडे सांगायचे तर मेसवाल्या काकांशी बोलावं लागलं असतं, म्हणून तेही नाही.

ऑक्टोबरमध्ये अंतर्गत मूल्यमापनाची सादरीकरणं होती, प्रत्येकी पाच मिनिटं. महेश गैरहजर. मी पुढची तारीख दिली, पुन्हा गैरहजर. ओपन इलेक्टिव्हच्या शिक्षकांनीही तोच अनुभव सांगितला. दोन्हीकडे शून्य.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

मी वडिलांना फोन केला. आमच्या मार्गदर्शक-विद्यार्थी नोंदवहीत 'पालकांशी संपर्क' असा रकाना आहे, तो भरला जातो, म्हणून हे पाऊल आपोआप उचललं जातं. माझ्या बोलण्यात 'प्रॉब्लेम', 'लवकर भेटा' असे शब्द होते. ते दिवस सोयाबीनच्या काढणीचे. मजूर मिळत नाहीत, वरून पावसाची भीती. वडील रास तशीच ठेवून रात्रीच्या एसटीनं निघाले आणि सकाळी साडेनऊला स्टाफरूममध्ये उभे. चार शिक्षक बसलेले, महेश दाराशी.

मी परिस्थिती सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगं गावात बी बोलत नव्हतं मॅडम. पण आमचं कधी अडलं नाही त्याच्यावाचून. बैलाचं, मोटारीचं, समदं बघतंय." मग मुलाकडे वळून, "काय रं, मॅडम काय म्हणायल्यात?" महेश जमिनीकडे बघत राहिला.

ते वाक्य मी तेव्हा वाया घालवलं. मुलगा कुठे नीट वागतो, काय काम हातात असलं की मोकळा असतो, हे बापानं मला दोन ओळींत सांगितलं होतं. मी नोंदवहीत लिहिलं, 'पालकांना समज दिली.'

पुढचे आठ दिवस महेश आला नाही. दिवाळीनंतर आला तो टीसीचा अर्ज घेऊन.

समोर असलेले पर्याय

त्याला जाऊ देणं हा पहिला पर्याय, आणि विभागप्रमुखांचं मत तेच होतं. ते कठोर माणूस नाहीत. घराजवळ शिकला तर जेवेल तरी, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खोडण्यासारखा नव्हता. अडचण वेगळी होती. लातूर जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. मधल्या सत्रात विद्यापीठ बदलायचं, तिथे जागा मिळवायची, विषय जुळवायचे. कागदावर क्रेडिट हस्तांतर आहे, पण हातात बहुधा वर्ष वाया गेल्याचाच दाखला आला असता. 'नीट'नंतरचं दुसरं अपयश.

दुसरा पर्याय, व्यक्तिमत्त्व विकासाची दहा तासांची कार्यशाळा. ती दर वर्षी होते. त्यात पहिल्याच दिवशी मुलांना खुर्चीवर उभं करून 'मी सर्वोत्तम आहे' असं ओरडायला लावतात. मी एकदा बघितली आहे. हा पर्याय मी बाजूला ठेवला.

तिसरा, सादरीकरणातून सूट. सोपा, आणि त्या क्षणी महेशला सर्वांत हवासा. पण एकदा सूट दिली की पुढच्या सत्रात ती मागावी लागते, आणि मागायला त्याला बोलावंच लागणार.

चौथा, समुपदेशक. महाविद्यालयात त्या आठवड्यातून दोन दिवस येतात. त्यांची केबिन काचेची आहे आणि नेमकी शिष्यवृत्तीच्या अर्जांची रांग लागते त्या कार्यालयाशेजारी. ही जागा कुणी निवडली, मला माहीत नाही. ज्यांना तिथे जायची सर्वाधिक गरज आहे तेच तिथे कधी दिसणार नाहीत, याची पक्की सोय आहे.

पाचवा पर्याय तेव्हा कुणाच्याच यादीत नव्हता.

टीसीच्या अर्जाचा दिवस

अर्जावर माझी सही लागते. मी महेशला बसवलं आणि विचारलं, "नेमका कशाचा त्रास होतो?" तो गप्प. त्या दिवशी पुढचा तास नव्हता म्हणून मी थांबले, यात माझा काही शहाणपणा नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "लिहून देऊ का?"

मी जवळजवळ नाही म्हणणार होते. बोलायला शिकवायचं तर लिहायला कशाला परवानगी द्यायची, असं माझ्या डोक्यात आलं होतं. मग जर्नलचा कोरा कागद पुढे केला. त्यानं दीड पान लिहिलं. अक्षर तेच, नमुन्याचं.

रसायनशास्त्राचं बोलायची भीती वाटत नाही, असं त्यात होतं. सगळ्या माना एकदम आपल्याकडे वळतात तो पहिला क्षण सहन होत नाही. मेसचं होतं. मावसभावाला अभ्यासात त्रास नको म्हणून खोलीत दिवा लवकर बंद करतो, हे होतं. आणि शेवटून दुसरी ओळ: 'प्रॅक्टिकल आवडते. हात कामात असले की लोक बघतात असे वाटत नाही.'

मला बापाचं वाक्य आठवलं. बैलाचं, मोटारीचं, समदं बघतंय.

मी अर्ज फाडला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. "जानेवारी संपेपर्यंत थांब. तेव्हा मागितलास तर त्याच दिवशी सही करीन." दार उघडं आहे हे माहीत असल्यामुळे तो थांबला, असं मला वाटतं. तो स्वतः यावर काही बोललेला नाही.

काय केलं

दुसऱ्या सत्रात विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेतून महेशला प्रयोगशाळेत काम दिलं. सकाळी प्रात्यक्षिकाआधी द्रावणं तयार करायची. ऑक्झॅलिक आम्लाचं ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) द्रावण करायचं तर लिटरमागे ६.३ ग्रॅम. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतं, त्यामुळे नुसतं वजन करून भागत नाही, टायट्रेशन करून, म्हणजे तीव्रता माहीत असलेल्या द्रावणाशी थेंबाथेंबानं मोजून, त्याची खरी तीव्रता काढून बाटलीवर लिहावी लागते. चुकलं तर साठ जणांचं रीडिंग चुकतं. हे काम नीटस आणि अबोल माणसाचं.

तिथे आमचे प्रयोगशाळेतले मामा असतात, मूळचे सोलापूरकडचे, एकतीस वर्षं नोकरीत. मामा आणि महेश सकाळी साडेसातला काय बोलायचे मला माहीत नाही, पण एकदा बाहेरून हसण्याचा आवाज आला. मामांसमोर 'घ्यायलो' म्हटल्यानं काही बिघडत नव्हतं.

माझा हेतू फक्त त्याला आवडीच्या ठिकाणी टिकवण्याचा होता. पुढचं घडलं ते ठरवून नाही. बाटलीवरची नॉर्मॅलिटी कधी पुसट व्हायची, कधी पोरं वाचायचा कंटाळा करायची, आणि थेट त्याला विचारायची: "अरे, किती आहे रे?" उत्तर एका आकड्याचं. शून्य पूर्णांक शून्य नऊ आठ. हळूहळू प्रश्न लांबले. फेब्रुवारीत पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन होतं. गरम ऑक्झॅलिक आम्लात पहिला थेंब पडला की गुलाबी रंग जायला वेळ लागतो, कारण अभिक्रियेला वेग देणारं मँगनीज आधी तयार व्हावं लागतं. एका मुलीला वाटलं, रंग टिकला म्हणजे शेवटाचा बिंदू आलाच. ती रीडिंग लिहिणार तेवढ्यात महेश मागून म्हणाला, "थांब की जरा. पहिल्या थेंबाला वेळ लागतोय. मग जातंय बघ पटापटा." वर्गात त्याच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं पूर्ण बोलणं. कुणी हसलं नाही. मी ब्युरेटकडे बघत राहिले, त्याच्याकडे बघायचं नाही हे तोवर शिकले होते.

समुपदेशक बाईंना मी त्यांच्या काचेच्या केबिनऐवजी प्रयोगशाळेमागच्या तराजूच्या खोलीत यायची विनंती केली. त्या तीनदा भेटल्या. त्यांना आधी एकच तपासायचं होतं, हा लाजरेपणा आहे की उपचार लागणारी सामाजिक चिंता. झोप कशी, गावाकडे मित्र आहेत का, फोनवर बोलतो का, जगणं नकोसं वाटतं का, हे त्यांनी आडवळण न घेता विचारलं. गावी दोन जिवलग मित्र होते, तिथे तो क्रिकेट खेळायचा. गाडी मेसपाशी अडली होती. म्हणून त्यांनी सुरुवात भाषणानं न करता जेवणानं केली. आधी मेसमध्ये ठरलेल्या एकाबरोबर जायचं, मग काकांना खाडा सांगायचा. सोबत 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये घालून दिला. हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं, हे आमच्या निम्म्या शिक्षकांनाही ठाऊक नव्हतं.

ठरलेला तो एक जण मिळाला वसतिगृहात. जानेवारीत एक जागा रिकामी झाली आणि महेश सदाशिव पेठेतून हलला. खोलीतला जोडीदार परभणीचा, वनस्पतिशास्त्राचा, अखंड बडबड्या. त्याला श्रोता हवाच होता.

बाईंनी बोलता बोलता मला फिलिप झिंबार्डो या मानसशास्त्रज्ञाच्या १९७०च्या दशकातल्या पाहणीबद्दल सांगितलं. अमेरिकेत चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांनी स्वतःला लाजरं म्हटलं होतं. आमच्या पोरांना तोच आकडा लागू पडेल असं नाही, पण मी माझ्या वर्गाची यादी पुन्हा वाचली. किती जणांचा आवाज मला ओळखता येईल? ऐंशीपैकी पस्तीस-छत्तीस. म्हणजे मी एकट्या महेशसाठी खटपट करत होते आणि उरलेल्यांनी फक्त सादरीकरण चुकवलं नव्हतं, एवढाच फरक.

त्यामुळे दोन गोष्टी सगळ्यांसाठी बदलल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो, हे मेरी बड रो या संशोधिकेनं त्याच दशकात मोजलं होतं. साधारण एक सेकंद. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात, असं त्यांना आढळलं. मी फोनवर माझाच तास रेकॉर्ड केला. मी एक सेकंदही थांबत नव्हते, अर्ध्या वेळा उत्तर मीच देत होते. आता मनात तीन अंक मोजते. ते तीन सेकंद फार लांब वाटतात, अजूनही.

दुसरं, सादरीकरणाचे तीन प्रकार केले: वर्गासमोर, चार जणांच्या गटासमोर, किंवा प्रयोगाच्या टेबलापाशी करून दाखवत. गुण तेवढेच. विभागप्रमुख म्हणाले, "नोकरीच्या मुलाखतीत टेबल नेणार का बरोबर?" या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं. एका सत्रापुरतं करून बघू, एवढंच मी म्हणाले. ऐंशीपैकी एकोणतीस जणांनी टेबल निवडलं. त्यांत वर्गातला सर्वांत बोलका मुलगाही होता, त्याला तेच सोपं वाटलं.

काय झालं

जानेवारी संपला. महेशनं अर्ज मागितला नाही, मीही आठवण केली नाही. मार्चमध्ये त्यानं टेबलापाशी, पाच जणांसमोर, सोडियम हायड्रॉक्साइडचं प्रमाणीकरण (खरी तीव्रता काढणं) करून दाखवलं. पंधरापैकी अकरा गुण. चार मी कापले, कारण शेवटचा प्रश्न त्यानं ऐकलाच नाही अशी बतावणी केली. नंतर विचारलं तर म्हणाला, "कळलं होतं, पण तेवढ्यात सर आत आले."

ओपन इलेक्टिव्हची केटी राहिली, म्हणजे तो विषय पुन्हा द्यायचा राहिला. पहिल्या सत्रातलं ते शून्य भरून निघालं नाही आणि लेखी परीक्षेत थोडक्यात हुकलं. रसायनशास्त्रात तो वर्गात चौथा. मोठ्या वर्गात अजून हात वर करत नाही. गटातल्या व्हॉट्सअॅपवर मात्र लांबलचक समजावून लिहितो, असं मुली सांगतात.

वेगळं काय करता आलं असतं

वडिलांना केलेला फोन मी करायला नको होता, निदान मुलाशी बोलल्याशिवाय तरी. अठरा वर्षांच्या मुलाबद्दल त्याच्या बापाला स्टाफरूममध्ये चारचौघांत सांगणं म्हणजे ज्या गोष्टीला तो सर्वांत जास्त घाबरत होता तीच त्याच्यावर लादणं. जीवाला धोका असता तर गोष्ट वेगळी होती. तो रकाना आता माझ्याकडे बऱ्याचदा रिकामा असतो आणि तपासणीच्या वेळी मला त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

'घ्यायलो'च्या दिवशी मी काय करायला हवं होतं, यावर बराच विचार केला. पोरांना रागावले असते तर सगळ्या माना पुन्हा महेशकडेच वळल्या असत्या. बहुधा न हसणं पुरलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर जाऊन त्याचं रीडिंग मोठ्यानं बरोबर ठरवलं असतं तरी चाललं असतं.

'कमवा आणि शिका'बद्दल एक शंका आहे. ते काम उपयोगी पडलं, पण त्यानं महेश सकाळी साडेसातपासून प्रयोगशाळेत असायचा आणि इतर मुलं तेव्हा कॅन्टीनला असायची. मी त्याला माणसांत आणलं की एका सोयीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं? दुसऱ्या वर्षी ते काम एकट्याला न देता दोघांना दिलं. दुसरा मुलगा नंदुरबारचा, घरी पावरी बोलणारा, हजेरीला 'येस मॅडम'सुद्धा हळूच म्हणतो. कोणतं काचसामान कुठल्या कपाटात असतं, हे त्याला महेश दाखवतो. पहिल्या दिवशी मी दारातून पाहिलं तेव्हा दोघंही गप्प होते, आणि मामा एकटेच बोलत होते.